डोंगर विकून देऊळ बांधलं

सांगवीतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर एका रविवारी अमेरिकेतला डोंगर गेला आणि निम्म्या बायका रडल्या.

कट्टा म्हणजे सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये टेबल-टेनिसच्या टेबलाभोवती मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्या महिन्यात संचालिकाबाईंनी तिकडच्या ॲपलाचियन डोंगरांमधल्या खेड्यांवरच्या लघुकथा वाचायला काढल्या होत्या. दऱ्यांमध्ये राहणारी हट्टी माणसं, लाकडी घरं, धुकं, ओढे आणि कोळशासाठी सुरुंग लावून डोंगरांचे माथे उडवणाऱ्या कंपन्या. गोष्टी चांगल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्या ऐकून आमच्या मंडळींनी जो गळा काढला, तो बघण्यासारखा होता. संचालिकाबाई चष्मा काढून डोळे टिपत म्हणाल्या, "माणसं इतकी निर्दय कशी होतात हो? स्वतःचा डोंगर?" दिघीहून येणारे एक निवृत्त साहेब म्हणाले, "आपल्याकडे निदान डोंगराला देव मानतात."

मी चहा पीत होते. तो ठसका लागून नाकातून बाहेर आला.

कारण ज्या फरशीवर खुर्च्या मांडून ही माणसं रडत होती, त्या फरशीखालचा मुरूम आमच्या डोंगराचा होता. या सोसायटीच्या भरावाचं काम माझ्या चुलतभावाच्या गाड्यांनी केलं, आणि ते तो मला आजही अभिमानानं ऐकवतो. "आक्का, तू आपल्याच गावावर झोपतीस!" असं म्हणून स्वतःच हसतो. मी कट्ट्यावर यातलं काही बोलले नाही. परक्याच्या डोंगरासाठी रडणं किती सोपं असतं, ते मला शांतपणे बघायचं होतं.

आमचं गाव चाकणच्या पलीकडे. मी भोसरीच्या एका कंपनीत तपासणी विभागात नोकरी केली, निवृत्त झाले, सांगवीत घर घेतलं. पण माहेर अजून तिथेच आहे, म्हणजे जेवढं शिल्लक आहे तेवढं. गावाच्या मागे डोंगर होता. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे ती टेकडीच, पण आम्ही तिला डोंगर म्हणायचो आणि आमच्यापुरता तो डोंगरच होता. माथ्यावर देवी. देवी म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड, त्यावर पत्र्याचं छप्पर, पुढे दगडात कोरलेली दिव्याची जागा.

त्या दिव्याची मालकी माझ्या आत्याकडे होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यानं तिला लग्नानंतर तीनेक वर्षांत टाकलं आणि तो दुसरी करून सुखात राहिला. तो सुखात राहिला म्हणून आत्याचं कुंकू शाबूत राहिलं, आणि कुंकू शाबूत म्हणून देवीच्या कामाला ती चालायची. हे आमचं शास्त्र! माहेरी परत आलेल्या बाईला घरात ना खोली, ना मत, ना कपाटाची किल्ली. तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं असेल, रिकामी बसण्यापेक्षा देवीचा दिवा लावत जा. झालं. तेव्हापासून तिन्हीसांजेला आत्या हातपाय धुऊन, तेलाची बाटली घेऊन डोंगर चढायची. ताप असो, पाऊस असो, घरात लग्न असो नाहीतर मयत असो. आणि कुठल्याही घरात नवी सून आली, की उंबरा ओलांडण्याआधी तिला वर नेऊन देवीची ओटी भरवायचं आणि मग हात धरून घरी आणायचं कामही आत्याचंच. गावातल्या एकूण एक सुना तिचा हात धरून डोंगर चढल्या आहेत. एरवी तिला चहा विचारायचं भान नसलेली माणसं त्या दिवशी तिच्या पाया पडायची. अख्ख्या जन्मात तिचं म्हणावं असं एवढंच होतं.

मग कंपन्या आल्या, गोडाऊनं आली, प्लॉट पडले, आणि प्रत्येक प्लॉटला भराव लागायला लागला. तोवर आमच्या लोकांना डोंगराकडे बघून फक्त नमस्कार करायचं सुचत होतं. आता त्यांना मुरूम दिसायला लागला.

पण आम्ही सरळ हावरट असतो तर मला एवढा राग आला नसता. आमचे लोक भाविक हावरट! देवस्थान कमिटीची बैठक झाली. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, पायात पांढरे बूट. सगळ्यांना एकदम देवीची दया आली. "एवढं जागृत ठाणं आन् पत्र्याखाली? लोकं काय म्हणतील, राव?" देवीला मार्बलचं देऊळ बांधायचं ठरलं. वर जायला सिमेंटच्या पायऱ्या, स्टीलचं रेलिंग, कळस, लाउडस्पीकर. पैसा कुठून आणायचा? डोंगर आहे की! मागच्या अंगाचा थोडा मुरूम काढू, कुणाला दिसणारही नाही. देवीच्याच डोंगराचा पैसा देवीच्याच देवळाला, यात पाप कसलं? म्हणजे डोंगरावर देऊळ बांधण्यासाठी डोंगर विकायचा, हा ठराव माझ्या गावच्या शहाण्यासुरत्या माणसांनी टाळ्या वाजवून पास केला.

देऊळ झालं, झकास झालं. पायऱ्यांच्या उभ्या फरश्यांवर देणगीदारांची नावं कोरली, म्हणजे चढणाऱ्याच्या नाकासमोर येतील. आत्या पहिल्यांदा त्या पायऱ्या चढली तेव्हा मी बरोबर होते. ती म्हणाली, "बरं झालं बाय, गुडघं दुखत व्हतं." ती मनापासून खूश होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या नावांचा त्रास तिला झाला नाही.

मागचं अंग संपलं तशी खोदाईची पोकलेन हळूहळू पुढे वळली. आता इथे आमच्या लोकांची एक जुनी खोड सांगायला हवी. पायऱ्यांची वाट डोंगराच्या ज्या धारेवरून जायची, ती धार म्हणजे दोन भावक्यांची हद्द. एका अंगाला आमची भावकी, दुसऱ्या अंगाला समोरची. आणि हद्द दिसली की आमच्या माणसाचा हात शिवशिवतो. शेतात नांगर धरला की बांधाला जाता जाता नांगराची एक रेघ जास्त ओढायची, दरवर्षी वीतभर बांध कोरायचा, आणि समोरच्यानं विचारलं की देवाची शप्पत घ्यायची. पिढ्यान् पिढ्या हेच केलं. नांगर होता तेव्हा वीतभरावर भागायचं. पोकलेनला वीत माहीत नाही. आमच्या भावकीनं तिकडून जरासं कोरलं, त्यांच्या भावकीनं इकडून जरासं कोरलं, आणि दोघांनाही खात्री की वाट दुसऱ्याच्या बाजूवर उभी राहील. एका सकाळी आवाज झाला. बघतात तर मधल्या सगळ्या पायऱ्या खाली. खालच्या काही पायऱ्या जमिनीवर, वरच्या काही देवळाला लटकलेल्या, आणि मध्ये नुसती हवा. लटकलेल्या पायऱ्यांवर कमिटीची नावं उन्हात चमकत होती.

कप्पाळ माझं! एवढ्या मोठ्या गावात एकालाही वाटलं नाही की देवीकडे जायला जमीन लागते.

डोंगराच्या जागी एक सुळका उरला. उभा, लाल, चारी बाजूंनी तासलेला, आणि त्याच्या डोक्यावर मार्बलचं देऊळ. भोवतीच्या सपाट जागेवर चुलतभावानं लॉन्स काढलं, लग्नाचं. नाव अर्थातच देवीचं. आत्या तिन्हीसांजेला तेलाची बाटली घेऊन जायची, उरलेल्या खालच्या पायऱ्या चढायची, शेवटच्या पायरीवर दिवा ठेवायची आणि वर बघत बसायची. वारा तो दिवा लगेच विझवायचा. तिनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कुणाशी भांडली नाही. माझा मात्र जीव जळायचा. मी चुलतभावाला म्हटलं, "लाज वाटते का रे काही?" तो म्हणाला, "आक्का, डेव्हलपमेंटमधी थोडंफार होतंच. तू शिकलेली हायस, तू तरी समजून घे."

वर्षभर हे असंच चाललं. मग चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं, अर्थात आपल्याच लॉन्सवर. हळदीच्या दिवशी तो माझ्याशी बोलत होता, आणि आत्या शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. तिच्यासमोर बोलायला कुणी कधी संकोचलं नाही, कारण ती तिथे असते हेच कुणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणाला, "लग्न उरकलं की देवी खाली आणतो. गेटापाशी एसी मंदिर. आन् हा सुळका उतरवला की पार्किंगचा प्रश्नच मिटला."

आत्याचे हात थांबले. ती म्हणाली, "सून वटी भरल्याबिगर उंबरा वलांडणार न्हाई."

"व्हय व्हय आत्या, खालीच भरू, फोटो ठिवून."

"वर," आत्या म्हणाली. "देवी वर हाय."

घरात भूकंप झाला. या बाईला घरात मत नाही, पण देवीच्या बाबतीत तिचा शब्द मोडायची हिंमत कुणाची? उद्या सुनेला काही झालं, मूल झालं नाही, तर गाव म्हणणार ओटी राहिली होती. डोंगर खाताना ज्यांना देवीची भीती वाटली नाही, ते ओटीच्या भीतीनं रात्रभर कुजबुजत बसले. शेवटी चुलतभावानं मार्ग काढला. त्याच्याकडे कंपन्यांना भाड्यानं द्यायची क्रेन होती. तिला लोखंडी पाळणा लावायचा आणि सुनेला वर पाठवायचं. एवढं ठरल्यावर त्याचा चेहराच उजळला. "भावा, ड्रोन लावा!" त्यानं व्हिडिओवाल्याला फोन केला. "असली एंट्री तालुक्यात कुणाची झाली न्हाई!"

आणि या लग्नाला आमचा वाचनकट्टाही हजर होता. मी बोलावलं नव्हतं. माझं गाव डोंगराकडचं आहे हे कळल्यावर संचालिकाबाईंना "तो परिसर अनुभवायचा" होता, म्हणून गाड्या करून सगळे आले. सुळका बघून बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, काय लँडस्केप आहे! अगदी त्या गोष्टींसारखं!" आणि जिलेबी खात खात त्यांनी फोटो काढले.

लग्न लागलं. दुपार कलली तशी नवरीला क्रेनपाशी आणलं. नऊवारी, नथ, कपाळाला मुंडावळ्या, आणि त्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट. कमरेला सेफ्टी बेल्ट. पोरगी बिचारी पार गांगरली होती. ताम्हिणीकडच्या खेड्यातून आलेली, तिला वाटलं असेल इकडे असंच असतं. आत्यानं तिचा हात धरला. आत्याला हेल्मेट घालायला गेले तर तिनं झटकलं, डोक्यावरून पदर घेतला आणि पाळण्यात चढली. तिच्या कमरेच्या पिशवीत तेलाची बाटली होती, ती मी बघितली.

पाळणा वर गेला. डीजेनं देवीचं गाणं लावलं. दोघी वर उतरलेल्या दिसल्या, देवळात गेल्या. थोड्या वेळानं नवरी बाहेर आली, पाळण्यात बसली आणि खाली आली. एकटीच.

"आत्या कुठाय?" चुलतभाऊ ओरडला.

नवरी रडवेली होऊन म्हणाली, "त्या म्हणाल्या, तू जा. मी हितंच बरी."

मग जी पळापळ झाली! चुलतभाऊ माइकवर, "आत्याबाई, कृपया खाली यावे," जणू हरवलेलं पोर पुकारतोय. वरून एक हात हलला, तो नाही म्हणणारा होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यात माझा एकच नंबर तिला लावता येतो.

"त्येला सांग," ती म्हणाली, "पोकलेन हितं लावायची न्हाई. देवी हलवायची न्हाई. लोकांम्होरं कबूल कर म्हणावं. न्हाईतर मी हितंच हाय. आता खोद म्हणावं."

अख्ख्या आयुष्यात या बाईनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी माइक ओढून घेतला आणि ते जसंच्या तसं मांडवाला ऐकवलं. आणि खरं सांगते, मला तेव्हा जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या लग्नातही झाला नव्हता.

कमिटी आपापल्या पांढऱ्या बुटांकडे बघायला लागली. चुलतभावाचा चेहरा लालेलाल. पण वर ड्रोन फिरत होता, शेजारी नवरी ताटकळत होती, आणि तिला घरी न्यायला तर आत्याच हवी. शेवटी त्यानं माइकवर, सुनेच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की सुळक्याला हात लावणार नाही. सूर्य मावळायला टेकला होता. देवळात एक ठिणगीएवढा उजेड दिसला. आत्यानं दिवा लावला, आणि मगच ती पाळण्यात बसली.

खाली आल्यावर संचालिकाबाई तिला मिठी मारायला धावल्या. "आजी, तुम्ही डोंगर वाचवलात! त्या गोष्टीत डोंगर जातो हो, इथे वाचला!" आत्यानं विचारलं, "ह्या कोण?" मी म्हटलं, "पाहुण्या." ती नवरीचा हात धरून चालायला लागली.

आता कुणालाही वाटेल की झालं, बाई जिंकली. मलाही वाटलं होतं. मी माझ्या लोकांना अजून ओळखलंच नव्हतं.

ड्रोनचा तो व्हिडिओ मोबाइलवर देहूपासून पार कुठपर्यंत फिरला. लॉन्सचे फोन खणखणायला लागले. सगळ्यांना सुळक्यावरच्या देवीसमोर फोटो हवा, सगळ्यांना पाळणा हवा. चुलतभावाला साक्षात्कार झाला की सुळका पाडण्यापेक्षा ठेवण्यात जास्त फायदा आहे. शपथ पाळली म्हणून तो छाती फुगवून हिंडतो. सुळक्याला जाळी बसवली, रंगीत दिवे सोडले, गेटवर फलक लावला. नवरा-नवरीला पाळण्यातून वर नेतात, तेही पॅकेजमध्ये. आणि आत्या एकदा बाटली घेऊन गेली तर मॅनेजर म्हणाला, "आजी, वय झालेल्यांना वर सोडत नाही. पडलात तर जबाबदारी कुणाची?"

देवळात दिवा मात्र आहे. चांगला मोठा एलईडी, अंधार पडला की लागतो, रात्रभर जळतो, विझत नाही. चाकणच्या रस्त्यावरून दिसतो. वर वात नाही, तेल नाही, लग्न नसलं तर माणूसही नाही.

परवा मी गावी गेले होते. तिन्हीसांजेला आत्यानं हातपाय धुतले आणि ती माझा हात धरून लॉन्सच्या ऑफिसात आली. दाराबाहेर चपला काढल्या. आत मॅनेजर कॉम्प्युटरवर होता. ती त्याच्या टेबलासमोर पदर सावरून उभी राहिली.

"वर सोडू नगंस," ती म्हणाली. "त्या दिव्याचं बटाण हितं आसंल ना? त्येवढं मला दाबू दे. रोज यीन, कुणाला तरास न्हाई देणार."

मॅनेजर चांगला मुलगा, त्यालाही कसंतरी झालं. "आजी, त्याला बटण नाहीये. तो आपोआप लागतो."

खिडकीतून सुळका दिसत होता. आम्ही बघत असतानाच वर लख्ख पांढरा उजेड झाला.

माझ्या डोक्यात शिव्यांची रास लागली होती. कमिटीला, चुलतभावाला, दोन्ही भावक्यांना, टेबल-टेनिसच्या टेबलाभोवती रडणाऱ्या त्या मंडळींना. आत्या मात्र हात पदराला पुसत बाहेर आली. चपला घालायच्या राहिल्या, त्या मी हातात घेतल्या. फाटकापाशी थांबून, माझ्याकडे बघून तिनं अगदी साधेपणानं विचारलं,

"मंग आता तिन्हीसांजंला मी काय करू गं?"